यांचे माइल्स माझ्या खात्यात: एका विमान कंपनीच्या सेवेला अडीच तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही. परदेशी आहे, मोठी आहे, मुंबईहून रोज तिची विमानं सुटतात, एवढं पुरे. शिवाय मी लिहितेय ते तिच्या विमानाबद्दल नाही आणि विमानातल्या जेवणाबद्दलही नाही. माइल्स म्हणजे कंपनीच्या विमानांनी फिरलं की सदस्याच्या खात्यात जमणारे गुण, ज्यांतून पुढे तिकीट काढता येतं. सदस्य वारला की त्याच्या खात्यातले माइल्स घरच्यांच्या नावावर करून देण्याची एक सोय ही कंपनी देते, त्या सोयीबद्दल. पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा कुणाला दिला ते पुढे येईल.

मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले. ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ ठेवींच्या टेबलावर. डेथ क्लेम माझ्याकडेच यायचे. समोर बसलेल्या बाईच्या हातातली प्लास्टिकची पिशवी बघून मी सांगायचे, हिच्याकडे मूळ दाखला आहे की नुसतं झेरॉक्स. त्यामुळे मयताच्या खात्याचं काम म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

हे एका पंपांच्या कंपनीत एक्स्पोर्टला होते. वर्षातले तीन-चार महिने बाहेर: नैरोबी, लागोस, दम्माम, कधी हॅनोव्हरचं प्रदर्शन. तिकिटाचे पैसे ऑफिसचे, माइल्स यांचे. ते माइल्स हे असे जपायचे, की जणू सासूबाईंच्या डब्यातले गिन्नीचे दागिने. "रिटायर झालो की दोघं बिझनेस क्लासने जाऊ, पाय पसरून," हे वाक्य मी किमान पंधरा वर्षं ऐकलं. लेक न्यू जर्सीत असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे गेले, तेव्हा खात्यात १,८६,४०० माइल्स होते.

बाकी सगळं वेळेत झालं. पीएफ, मेडिक्लेमचं राहिलेलं बिल, दोन बँका, सोसायटीचा शेअर. माइल्स आठवले जूनमध्ये, तेही लेकीमुळे. फोनवर म्हणाली, "आई, बाबांचा पासवर्ड डायरीत आहे ना? मग लॉगिन कर आणि स्वतःच्या नावाचं तिकीट काढून टाक. दहा मिनिटांचं काम आहे. इकडे सगळे तेच करतात."

खरं सांगते, करतात. आणि तसं केलं असतं तर हा लेख झाला नसता. पण नऊ वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय की माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या एटीएम कार्डावरून पैसे निघतात आणि सहा महिन्यांनी दोघे भाऊ माझ्यासमोर एकमेकांची आई-बहीण काढतात. माझ्या हातून ते बटण दाबलं गेलं नाही. प्रामाणिकपणा म्हणा, सवय म्हणा. मी रीतसर कळवलं आणि त्याच दिवशी खातं गोठलं.

वेबसाइटवर यासाठी फॉर्म नाही. 'इतर प्रश्न' असं उघडत उघडत खाली गेलं की दोन ओळी सापडतात: सदस्याच्या निधनाबद्दल ग्राहक सेवेशी संपर्क साधा. साधला. सव्वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगा आला.

"मॅडम, सुरक्षेसाठी मेंबरशीच बोलावं लागेल."

"अहो, ते वारले म्हणूनच फोन केलाय."

"सॉरी फॉर युवर लॉस, मॅडम. पण ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाईल."

यांचा मोबाइल माझ्याच हातात होता, तरी मी ओटीपी सांगितला नाही. का कोण जाणे, हट्टालाच पेटले. ईमेलचा पत्ता मागून घेतला.

ईमेलला अकरा दिवसांनी उत्तर आलं. मृत्यूचा दाखला, वारसाचं कायदेशीर प्रमाणपत्र, माझं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि फी ५० डॉलर. वर एक ओळ: ही सर्व कागदपत्रं दिली तरी माइल्स देणं अथवा न देणं हा कंपनीचा सर्वस्वी स्वेच्छाधिकार आहे. बँकेत असताना मी असं पत्र एखाद्या वारसाला पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या केबिनमध्ये उभी असते.

पण इथे थोडं कंपनीच्या बाजूनेही लिहायला हवं. माइल्स म्हणजे ठेव नव्हे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अॅडव्हांटेज नावाने ही युक्ती काढली आणि मग बाकीच्यांनी उचलली. जवळजवळ सगळ्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही. डेल्टा या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचे नियम तर स्वच्छ सांगतात: मृत्यूनंतरही दुसऱ्याच्या नावावर होणार नाहीत. अमेरिकन म्हणते, मृत्युपत्रात नाव घालून लिहिलं असेल तर बघू, पण देणं न देणं आमच्याकडे. जपानच्या जेएएल आणि एएनए या विमान कंपन्यांकडे मात्र मुदतीत अर्ज केला तर वारसाला मिळतात, तसं नियमातच आहे. म्हणजे आमची कंपनी मधल्या रांगेतली. देते, पण उपकार म्हणून.

आता वारसाचं प्रमाणपत्र. परदेशातल्या माणसाला वाटतं हा खिडकीवर मिळणारा कागद आहे. आपल्याकडे कोर्टाचा वारस दाखला हवा तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. हो, अठराशे सत्तावीस, पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती. मग जाहीर नोटीस, मग हरकतींची वाट. ओळखीच्या वकिलांनी सहा ते आठ महिने सांगितले आणि फीचा आकडा असा, की त्यात मीच एक तिकीट काढलं असतं. सक्सेशन सर्टिफिकेट तर येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं. माइल्स ना येणं, ना रोखा. वकीलही हसले.

मग मी माझ्या टेबलावरची जुनी वाट धरली. बँकेत रक्कम लहान असेल आणि नॉमिनी नसेल तर आम्ही कोर्टात पाठवत नसू. सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (पुढे वाद निघाला तर नुकसान भरून देऊ, असं लिहून देणं) आणि बाकीच्यांची ना हरकत, एवढ्यावर भागवायचो. तेच मी कंपनीला इंग्रजीत मुद्देसूद लिहून पाठवलं. दोनदा ठराविक उत्तर आलं, 'कृपया वारस प्रमाणपत्र जोडा.' तिसऱ्या वेळी एका मुलीने माझं पत्र खरंच वाचलं. तिने लिहिलं, "तुम्ही सुचवलेली पद्धत मी वरिष्ठांपुढे ठेवते." आणि ठेवली. अर्धा तारा तिचा.

हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाच्या इस्टेटीत आईचाही हिस्सा असतो, पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने. हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणजे ना हरकत एकट्या लेकीची नव्हे, सासूबाईंचीही हवी. सासूबाई ८८ वर्षांच्या. त्यांना दुपारी चहा देताना समजावून सांगितलं.

"कसले मैल?"

"तो विमानाने फिरायचा ना, त्याचे जमलेले."

"मेल्यावर कसले गं मैल? आणि फिरला तो, मग तुला कशाला देतील?"

एवढ्या पत्रव्यवहारात इतका नेमका प्रश्न कंपनीलाही सुचला नव्हता.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप केला. (२०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात शंभराचा चालत नाही, जुने उरलेले घेऊन जाऊ नका.) सासूबाईंना रिक्षाने नोटरीकडे नेलं, पण टपरीच्या तीन पायऱ्या चढणं त्यांना जमेना. शेवटी नोटरीच रजिस्टर घेऊन रिक्षापाशी आला. सासूबाईंनी अंगठ्याला नकार दिला. मांडीवर रजिस्टर घेतलं, चष्मा पुसला आणि सही करायला चार मिनिटं घेतली. आडनावातली वेलांटी रकान्याबाहेर गेली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तशा मान न वळवता म्हणाल्या, "थांब रे, मुलाचं काम आहे."

कागद गेले. वाटलं संपलं. तर नवीन आक्षेप: नाव जुळत नाही. दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. माइल्सच्या खात्यात नाव आणि वडिलांचं नाव एकमेकांना चिकटून एक लांबलचक शब्द, मध्ये जागाच नाही, कारण कधीतरी पासपोर्टवरून कुणीतरी तसं टाइप केलं. मराठी माणसाच्या निम्म्या कागदांत हा घोळ असतो. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं आणखी एक प्रतिज्ञापत्र केलं. आणखी पाचशेचा कागद.

या सगळ्या काळात यांच्या ईमेलवर जाहिराती येतच होत्या. ऑगस्टमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, वर 'पुढची सफर कुठे?' ज्या कंपनीच्या एका खात्याने मला 'सॉरी फॉर युवर लॉस' चार वेळा लिहिलं, तिच्याच दुसऱ्या खात्याने हे पाठवलं. पूर्ण एक तारा मी इथे कापलाय.

दुसरा तारा कापला तो मुदतीसाठी. या कंपनीचे माइल्स मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी रद्द होतात. खातं गोठलेलं असताना घड्याळ मात्र चालू. २२,६०० माइल्स त्या दरम्यान गेले. मी म्हटलं, अर्ज तुमच्याकडे पडून होता, मला वापरता येत नव्हते, मग मुदत थांबवायला नको? उत्तर: नियमांत तशी तरतूद नाही. आमच्याकडे एफडीधारक वारला तर मुदतीपर्यंतचं व्याज चुकत नाही. आता तर रिझर्व्ह बँकेने, सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकाली काढा, असं बँकांना बजावलंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. माइल्सना एकही नाही. उरलेला अर्धा तारा त्याबद्दल गेला.

साडेअकरा आठवड्यांनी, सप्टेंबरात, १,६३,८०० माइल्स माझ्या खात्यात दिसले. फी कार्डावर साडेचार हजारांना पडली. स्टॅम्प, नोटरी, रिक्षा धरून साधारण सात हजार.

ज्यांच्या घरात कुणी असं साठवतंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एमिरेट्स, ब्रिटिश एअरवेज यांच्याकडे कुटुंबाचं एकत्र खातं काढता येतं, तसं असेल तर माणूस असतानाच काढा. आणि खात्यातलं नाव पासपोर्टशी आज ताडून बघा, नंतर नोटरीला पैसे देण्यापेक्षा.

यांचे जेट एअरवेजचेही माइल्स होते. १७ एप्रिल २०१९ ला जेटची उड्डाणं बंद पडली, तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. पण माइल्सची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून वाचली, पुढे तिचं इंटरमाइल्स झालं. किंगफिशर विमान कंपनी बंद पडली त्या वेळी हात पोळलेले असल्याने यांनी थांबायचं नाही ठरवलं आणि त्या माइल्सचा मिक्सर मागवला. तेव्हा मी चिडले होते, विमानाचे मैल आणि घरात मिक्सर! तो अजून चालतो. शेंगदाण्याची चटणी त्यातच होते.

१,६३,८०० मध्ये लेकीकडे जायचे दोन पर्याय बसत होते: इकॉनॉमीने जाऊन-येऊन किंवा बिझनेसने नुसतं जाणं. कर आणि सरचार्ज दोन्हीकडे रोख भरायचेच, फुकट तिकिटाला ३१ हजार लागले. मी बिझनेसने जाणं घेतलं. परतीचं पैसे भरून काढलंय, इकॉनॉमीचं, मधली सीट मिळालीय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जाताना पाय पसरून जा. येताना काय, पाय दुमडून पण येता येतं."