डेफकॉन आठ महिने खेळल्यावर: युती, फितुरी आणि शनिवारची रात्र

दिवाळीच्या सेलमध्ये डेफकॉन हा अणुयुद्धाचा कॉम्प्युटर गेम घेतला, आता आषाढ लागलाय. पेरण्यांचे दोन आठवडे सोडले तर एकही शनिवार आम्ही सहा जणांनी चुकवला नाही. मी उदगीरचा, दाजी नांदेडचे, एक सर परभणीला, एक मित्र बीडला, एक धाराशिवला आणि भाचा लातूरला शिकायला. गेम 2006 चा आहे, इन्ट्रोव्हर्जन सॉफ्टवेअर या ब्रिटिश कंपनीचा. इतका हलका की माझ्या जुन्या लॅपटॉपवर पंखासुद्धा जोरात फिरत नाही. दिसायला म्हणाल तर अंधाऱ्या पडद्यावर चमकत्या रेषांनी काढलेला जगाचा नकाशा, बस्स. पहिल्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, हे काय, भूगोलाचा पेपर आहे का?" आता तोच शुक्रवारी रात्री मेसेज टाकतो, उद्या किती वाजता म्हणून.

खेळ थोडक्यात असा. उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरोप, रशिया, आफ्रिका, आशिया असे सहा प्रदेश. प्रत्येकाची लोकसंख्या 10 कोटी. प्रत्येकाकडे 6 सायलो, म्हणजे मिसाईल ठेवायचे आणि सोडायचे तळ, प्रत्येक सायलोत 10 लांब पल्ल्याची मिसाईल, शिवाय रडार, विमानतळ, आरमार, पाणबुड्या. घड्याळ डेफकॉन 5 वरून खाली येत जातं. सुरुवातीला फक्त मांडामांड, 3 वर आल्यावर समुद्रात आणि हवेत चकमकी, आणि 1 आला की अण्वस्त्रं मोकळी. हे आकडे अमेरिकी लष्कराच्या खऱ्या सज्जतेच्या पायऱ्यांवरून घेतलेत. 1962 च्या क्युबा पेचप्रसंगात त्यांचं बॉम्बर दल 2 पर्यंत खाली आलं होतं. नेहमीच्या नियमांत समोरच्याची दहा लाख माणसं मेली की तुम्हाला 2 गुण, तुमची दहा लाख गेली की 1 वजा. एवढं समजलं की बसा खेळायला. बाकीचं पहिल्या दोन-तीन पराभवांत आपोआप समजतं.

पण मी हे लिहायला बसलोय ते युतीसाठी.

कुणीही कुणाशी युती करू शकतो. आत यायचं तर आतल्यांचं मत घ्यावं लागतं, आतल्याला बाहेर काढायचं तरी मतच घ्यावं लागतं, आणि स्वतःहून बाहेर पडायला कुणाला विचारावं लागत नाही. युतीतल्यांचा रंग एक होतो आणि एकाच्या रडारवरचं दुसऱ्याला दिसतं. जिंकतो मात्र एकच, कारण गुणांची पाटी प्रत्येकाची वेगळी. ज्यानं गावात सरपंचावरचा अविश्वास ठराव जवळून पाहिलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. निवडणुकीपुरतं एक पॅनल, सरपंच निवडून आला की वर्षा-दीड वर्षात त्यातलेच तिघं तळ्यात-मळ्यात करायला लागतात. इथं तेच दोन तासांत होतं.

पहिल्या महिन्यात मला वाटायचं की फितुरी म्हणजे मिसाईल सुटतं तो क्षण. तसं नसतं. ती अर्धा तास आधीपासून नकाशावर दिसत असते, बघणाऱ्याला. मित्राचं आरमार जिथं त्याचं काही काम नाही अशा समुद्रात येऊन थांबतं. शत्रूच्या बाजूला लावायची रडारं तो तुमच्या सीमेलगत लावतो. "तू आधी सोड, मी मागून येतो" हे वाक्य दुसऱ्यांदा येतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बडबड्या माणूस गप्प होतो. चॅटमध्ये सगळ्यांसाठीचं वेगळं, युतीपुरतं वेगळं, आणि एकट्याशी बोलायचं वेगळं. युतीच्या चॅटमध्ये शांतता असेल तर समजा की बोलणं दुसरीकडं चाललंय.

हे मला येळवशीच्या रात्री कळलं. वेळ अमावस्येला ताई-दाजी आमच्याकडे आले होते. दिवसभर शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. दाजी आणि मी एकाच चटईवर शेजारी जेवलो. रात्री मी समोरच्या खोलीत बसलो, दाजी माजघरात, मध्ये फक्त पडदा. मी युरोप, दाजी रशिया, परभणीचे सर आफ्रिका, तिघांची युती. उत्तर अमेरिका बीडच्या मित्राकडे होती आणि त्याचं आरमार अटलांटिकमध्ये जोरात होतं.

डेफकॉन 1 आला. सर म्हणाले, अमेरिका अजून सावरलेली नाही, युरोपनं पहिला वार करावा, आम्ही तुमचं आकाश सांभाळतो. इथं एक गोष्ट माहीत पाहिजे. सायलो एका वेळी एकच काम करतो, एक तर येणारी मिसाईल पाडतो किंवा स्वतः मिसाईल सोडतो. एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो, आणि सोडायला लागला की त्याची जागा जगभर सगळ्यांना दिसते. मी सहापैकी पाच सायलो सोडण्यावर टाकले. पहिली मिसाईल अटलांटिकवर चढली, पांढऱ्या कमानी हळूहळू पुढं सरकताना बघत होतो. तेव्हा लक्षात आलं की युतीच्या चॅटमध्ये बराच वेळ एक अक्षर आलेलं नाही, आणि पडद्यामागून दाजींच्या कीबोर्डचा आवाज थांबत नाहीये.

मी हाक मारली, "दाजी, काय करलालात?"

"काही नाही, काही नाही."

तेवढ्यात स्क्रीनवर मतदान आलं, युरोपला युतीतून काढायचं का. तिघांत दोन मतं पुरेशी होती. माझा रंग बदलला. माझ्या रक्षणासाठी म्हणून उत्तर समुद्रात आणून ठेवलेल्या रशियाच्या पाणबुड्या तिथंच वर आल्या. मी घाईघाईनं सायलो परत बचावावर टाकले, पण ते बदलून होईपर्यंत लंडन गेलं, पॅरिस गेलं, माद्रिद दोनदा गेलं. शहरावर एक बॉम्ब पडला की तिथली साधारण निम्मी माणसं जातात, दुसऱ्यात उरलेल्यातली निम्मी. शेवटी 10 कोटींतले 2 कोटी 90 लाख उरले. दाजी जिंकले. सकाळी चहाला ताईनं विचारलं, दोघं बोलंना का झालात? दाजी म्हणाले, "तूच सगळे दरवाजे उघडे टाकून बसलास, मी काय करू?" ते खरंही होतं. तेव्हापासून निम्मे सायलो मी बचावावरून हलवत नाही, समोर कुणीही असो.

या गेमच्या आवाजाबद्दल सांगितलंच पाहिजे. तोफा-स्फोटांचा गोंगाट नाही. मंद, जड संगीत, आणि त्याच्या मागं कुठंतरी एक बाई हुंदके देतेय असं ऐकू येतं. शहर पडलं की नकाशावर एक पांढरा ठिपका फुलतो आणि एक ओळ येते, अमुक शहर, इतके दशलक्ष मृत. एकदा आई मागं उभी राहून बघत होती. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती माहेरीच होती. त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. तिनं विचारलं, "हा आकडा माणसांचा आहे?" मी हो म्हणालो. ती आत निघून गेली. त्यानंतर मी आवाज बंद करून खेळून पाहिलं, जमलं नाही. आवाज बंद केला की मीच बेफिकीर खेळतो, जास्त मिसाईल उधळतो. हेडफोन लावतो आता.

आता महत्त्वाचा मुद्दा. इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांशी मी दहा-बारा डाव खेळलो, आणि तिथं युतीला काही अर्थ उरत नाही. उद्या तो माणूस भेटणारच नाही म्हटल्यावर शब्द मोडायला त्याला काय लागतं? हा गेम त्याच त्या सहा माणसांत, आठवड्यामागून आठवडा खेळला तरच खुलतो. येळवशीनंतरच्या चार शनिवारी दाजींना कुणीही युतीत घेतलं नाही. चारही वेळा ते शेवटचे किंवा पाचवे आले. सरांचंही तेच झालं. एका विजयाची किंमत त्यांनी महिनाभर मोजली. 1980 च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या अमेरिकी अभ्यासकानं संगणकावर अशीच एक स्पर्धा घेतली होती. साथ द्यायची की दगा, तोच डाव त्याच जोडीदाराशी पुन्हा पुन्हा. त्यात अनातोल रापोपोर्ट यांची सगळ्यात साधी चाल जिंकली: सुरुवात विश्वासानं करायची, मग समोरचा जसा वागला तसं पुढच्या डावात वागायचं. आमच्या गटात हे कुणी वाचलेलं नव्हतं, तरी महिनाभरात सगळे तसंच खेळायला लागले.

दाजींनी मग पद्धत बदलली. ते सगळ्यांच्या चॅटमध्ये आधीच जाहीर करतात: डेफकॉन 2 संपेपर्यंत मी तुमच्यासोबत, 1 लागला की माझा मी. आणि ते शब्दाला जागतात. गंमत बघा, युती मोडणार हे आधी सांगणाऱ्यावरच आता सगळे जास्त भरवसा ठेवतात, कारण तोपर्यंत तरी तो पक्का असतो. मला ही या आठ महिन्यांतली सगळ्यात हुशार चाल वाटते.

दुसरी हुशारी कुंपणावर बसणाऱ्याची, आणि त्यात धाराशिवचा मित्र तरबेज. दक्षिण अमेरिका घेतो, दोन्ही बाजूंशी गोड बोलतो, शेवटपर्यंत रंग ठरवत नाही. उदगीरच्या माणसाला हे बघून इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. 1760 मध्ये इथंच सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं आणि तिथून फौज उत्तरेला निघाली. उत्तरेत अयोध्येच्या शुजाउद्दौल्याला दोन्ही बाजू ओढत होत्या. नजीबखानानं त्याला अब्दालीकडे वळवलं. सूरजमल जाट भाऊंची साथ सोडून आधीच परत गेला होता. जानेवारी 1761 मध्ये पानिपतावर मराठे जवळजवळ एकटे उभे होते. म्हणून मी आता डावाच्या सुरुवातीला शत्रूकडं बघत नाही. कुंपणावर कोण बसलंय आणि त्याला आपल्याकडून काय पाहिजे ते आधी विचारतो. बहुतेक वेळा त्याला फार काही नको असतं. "तुझ्या किनाऱ्याकडं माझं आरमार येणार नाही" एवढं पुरतं.

वापरातल्या बारीक गोष्टी पटकन सांगतो. वेग सगळ्यात हळू मागणाऱ्याच्या मर्जीनं चालतो, त्यामुळं एकजण घाबरला की सगळे ताटकळतात. सुरुवातीलाच किमान वेग ठरवून घ्या. ऑफिस मोड नावाचा प्रकार आहे, डाव सहा-सहा तास संथ चालतो आणि गेम बारीक करून बाजूला ठेवता येतो. आम्ही तो रविवारी दुकानात बसल्या बसल्या खेळतो, छान जमतो. लाईटीचा भरवसा नसेल तर राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. ऐन हल्ल्यात लाईन गेल्यामुळं माझे दोन डाव वाया गेलेत. चॅट आम्ही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत करतो आणि तेवढ्यानं भागतं. आवाजी कॉल लावून खेळू नका. एकदा लावला होता, सगळी कुजबुज मेली.

शेवटी डिप्लोमसी मोड. अनुभवी गट असेल तर हाच घ्या. यात सहाही जण एकाच युतीत, एकाच हिरव्या रंगात सुरुवात करतात, आणि गुण आपली माणसं वाचवण्याचे. कुणीच काही केलं नाही तर सगळ्यांची पाटी सारखी. जिंकायचं असेल तर कुणाला तरी पहिलं मिसाईल सोडावं लागतं, आणि जो सोडेल त्याच्यावर उरलेले पाच तुटून पडणार हे त्याला माहीत असतं. आमचे पहिले तीन डाव डेफकॉन 1 लागल्यावर थोड्या वेळातच पेटले. चौथा, मागच्या शनिवारचा, पेटलाच नाही. साडेनऊला सुरू केला, बारा वाजले तरी नकाशा हिरवाच. पाणबुड्या एकमेकांच्या किनाऱ्यावर, सगळ्यांना माहीत, कुणी हलेना.

एक वाजता भाचा म्हणाला की त्याचा सकाळी क्लास आहे. बीडचा मित्र म्हणाला, मलाही पहाटे मोटर चालू करायला जायचंय, थ्री फेज तेव्हाच असते. मग आधी कोण बाहेर पडणार यावर पंधरा मिनिटं गेली. जो जाईल त्याचा प्रदेश उघडा पडेल ही सगळ्यांची धास्ती. शेवटी ठरलं, तीन आकडे मोजायचे आणि सगळ्यांनी एकदम बंद करायचं. धाराशिवच्या मित्रानं चॅटमध्ये एक, दोन, तीन टाकलं. मी बंद केलं आणि झोपलो.

डाव दाजींच्या लॅपटॉपवर होस्ट होता. सकाळी फोन केला तर कळलं की तीन मोजून झाल्यावरही तिथं दोघं उरले होते, दाजी आणि सर. मी विचारलं, मग कुणी सोडलं?

"कुणीच नाही. सर जाईपर्यंत मी थांबलो."

सरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, फक्त नाव दाजींचं. सव्वादोनला कधीतरी नांदेडची लाईट गेली, तेव्हा सुटले दोघं.