मोठा कुत्रा असलेलं कुटुंब की कॉलेजची मुलं? वरचा मजला भाड्यानं देताना

सांगलीत विश्रामबागेकडं घर असलं की भाड्यासाठी इंजिनिअरिंगच्या मुलांचे फोन हमखास येतात. सोबत लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असलेलं नोकरदार कुटुंब आलं, तर बरेच मालक फोनवरच नाही म्हणतात. मी दोघांनाही वरचा मजला दिलाय.

भाडं मुलांकडून जास्त येतं, कारण ते डोक्यामागं ठरतं. आवाजाचं म्हणाल तर आमच्याकडचा शेफर्ड घंटागाडी आली की भुंकायचा, एरवी शांत. दाराला नख्यांचे ओरखडे पडले, तिथं भाडेकरूंनीच खाली ॲल्युमिनियमचा पत्रा मारून घेतला. गोचिडांचं मात्र आधीच स्पष्ट विचारा. कुत्र्याला औषध वेळेवर मिळालं नाही, तर त्या भिंतीच्या फटीत शिरतात आणि मग घर साफ करणं जड जातं.

माझा कौल फिरला तो घर रिकामं होण्याच्या वैतागामुळं. मुलं परीक्षा संपली की जातात. जाताना भिंतीवर डबल टेपनं चिकटवलेल्या लाइटच्या पट्ट्या ओढल्या, तर रंगासकट पुट्टीचे पापुद्रे हातात आले. मग रंगारी, एजंट, रिकामे गेलेले महिने आणि नवा करार. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, जबाबदारी मालकाची. उलट कुत्रेवाल्यांना दुसरं घर सहजी मिळत नाही. त्यामुळं मिळालेलं ते जपतात. आमच्याकडच्यांनी अकरा महिने संपायच्या आधी स्वतःच पुढच्या कराराचं विचारलं.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. लहान फ्लॅट असेल, शेजारी कुणी कुत्र्याला फार घाबरत असेल, तर मीही दोनदा विचार करेन. गावभागासारख्या ठिकाणी तळमजला असेल, तर कृष्णेला पाणी चढल्यावर कुत्र्याला कुठं नेणार, हे आधीच बोलून घ्या; 2019 आणि 2021चा पूर आपण पाहिलाय.

करारात रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि गच्ची साफ ठेवण्याची अट घाला, डिपॉझिट थोडं वाढवून मागा. आणि होकार देण्याआधी ते सध्या राहतात तिथं एक चक्कर मारा. कुत्रं दिवसभर एकटं कोंडलेलं असेल, तर ते भुंकणारच. तिथं मी नको म्हणेन. घरात कायम कुणीतरी असेल, तर मुलांआधी मी त्यांनाच किल्ली देईन.