ज्या ब्रेकमध्ये तेलच नाही, त्याचं ऑइल बदलण्याचे ८५० रुपये

आधीच सांगतो, चूक माझीही आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवल्यावर मी माउंटन बाइक घेतली. डिस्क ब्रेक आहेत एवढं कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, पण ते चालतात कसे हे काही बघितलं नाही.

जुलैत मागचा ब्रेक ढिला वाटायला लागला, लिव्हर जवळजवळ हँडलला टेकायचा. घराजवळच्या दुकानात नेली. मेकॅनिकने चाक फिरवलं, मान हलवली आणि म्हणाला, "ऑइल खराब झालंय साहेब. डिस्कचं असंच असतं, पावसात पाणी शिरतं." दोन्ही ब्रेकचं ऑइल बदलायचे ८५०, नवीन पॅडचे ७०० आणि 'डिस्क सर्व्हिस'चे २५०. संध्याकाळी सायकल घेतली तेव्हा डिस्क आरशासारखी चमकत होती. मी खूश.

पुढच्या रविवारी सिंहगड. चढताना ब्रेकची आठवण कोण काढतं? उतरताना तिसऱ्याच वळणावर पुढचा ब्रेक किंचाळायला लागला आणि धरेना. मागचा दाबला, तोही तसाच. ओला रस्ता, समोरून वर येणारी जीप. बुटाचा तळवा रस्त्यावर घासत, कडेच्या चिखलात सायकल घालून कसाबसा थांबलो. गुडघा सोलला, यापलीकडे काही झालं नाही हे नशीब.

मागून येणारा एक कॉलेजचा मुलगा थांबला. मी त्याला आठवड्यापूर्वीच ऑइल बदलल्याचं सांगितलं. तो वाकून बघतच राहिला. "काका, ह्यात ऑइल कुठंय? ही तर वायर आहे."

माझे ब्रेक मेकॅनिकल होते. लिव्हरपासून निघालेली तार कॅलिपरवरच्या, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागावरच्या, दांडीला बोल्टने आवळलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये अशी तार नसते. जाडसर होज, म्हणजे तेलाची नळी, थेट कॅलिपरच्या आत जातो आणि लिव्हरपाशी तेलाची छोटी टाकी असते. म्हणजे मी सशाची शिंगं घासून दिल्याचे पैसे मोजले होते.

लिव्हर ढिला पडायचं खरं कारण त्या मुलाने तिथेच दाखवलं. पॅड झिजले की हायड्रॉलिक ब्रेक ती झीज बऱ्यापैकी आपोआप भरून काढतो, तारेचा ब्रेक काढत नाही. लिव्हरजवळचं गोल ॲडजस्टर थोडं बाहेर फिरवून तार ताणायची. माझ्यासारख्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, आतला जागेवर स्थिर असतो. तो ॲलन कीने डिस्कजवळ आणायचा. पाच मिनिटांचं काम.

आणि 'नवीन' पॅड? घरी चाक काढून बघितलं तर जुनेच, सँडपेपर मारलेले. धातूच्या पट्टीवर घर्षणाचा थर जेमतेम नखाएवढा. हा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे असतात. वर चमक यावी म्हणून डिस्कवर चेनला मारायचा तेलाचा स्प्रे मारलेला. बोट फिरवलं तर चिकट. डिस्कला तेल लागलं की ते पॅड शोषून घेतात, मग कितीही घासा, त्यांचा भरवसा नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवे पॅड बसवले आणि सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावले, तेव्हा पकड आली.

तुम्ही सायकल दुरुस्तीला टाकाल तेव्हा जुने पॅड परत मागा आणि काम होताना तिथेच उभे राहा. ब्रेक खरोखरच हायड्रॉलिक असतील तर कुठलं तेल घालणार ते विचारा. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड. मोटरसायकलच्या डब्यातलं डॉट मिनरलवाल्या ब्रेकमध्ये गेलं तर आतले रबरी सील फुगतात आणि मग खर्च खरोखरच हजारांत जातो.

मी दुकानात परत गेलो. जुने पॅड काउंटरवर ठेवले, तारेवर बोट ठेवून विचारलं, "ऑइल कुठून घातलंत ते दाखवा." बरीच बाचाबाची झाली. शेवटी पॅडचे ७०० त्याने परत दिले. ऑइलचे मात्र द्यायला तयार होईना.

"ऑइल तर लावलं होतं ना साहेब."

ते काही खोटं नव्हतं. डिस्कभर लावलं होतं.