रॉटवायलर की डॉबरमन? नागपूरच्या उन्हात घ्यायचा असेल तर

माझ्या मावसभावाने नागपूरच्या कडेला बेसाकडे प्लॉटवर घर बांधलं, आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून रिकामेच, रात्री एकदम सामसूम, त्यामुळे दोन महिन्यांपासून तो एकच विचारून राहिलाय, दादा रॉटवायलर घेऊ का डॉबरमन. माझ्याकडे नऊ वर्षं डॉबरमन होती आणि मामांकडे काटोल रोडला रॉटी म्हणजे रॉटवायलर होता, त्याला पिल्लू असल्यापासून पाहिलंय, म्हणून जे माहीत आहे ते सगळं इथे लिहून टाकतो, त्याच्यासारखे अजून बरेच जण असतील.

दोघंही जर्मनीचेच पण मुळातलं काम वेगळं, आणि स्वभाव तिथूनच येतो. रॉटवायलर हा रॉटवाइल गावचा, खाटकांचा कुत्रा, गुरं हाकायची, मांसाची गाडी ओढायची. रेल्वेने गुरं जायला लागली तसं त्याचं काम गेलं, जात जवळजवळ संपलीच होती, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी त्याला कामाला घेतलं तेव्हा सावरली. डॉबरमन त्यामानाने नवा, आपोल्डा गावातल्या लुई डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वतःच्या सोबतीला आणि राखणीला तयार केलेला.

म्हणून रॉटी आधी बघतो. गेटवर कोणी आलं की मामांचा रॉटी भुंकायचा नाही, नुसता उठून उभा राहायचा, आणि समोरचा माणूस तिथेच थांबायचा. घरच्यांच्या मात्र पायाला सगळं वजन टाकून टेकून बसायचा. आमची डॉबरमन उलट, बाबांची स्कूटर कोपऱ्यावर वळली की आम्हाला ऐकू यायच्या आधी तिचे कान उभे, आणि अनोळखी माणूस असला तर तो गेटला हात लावायच्या आधी अख्ख्या गल्लीला कळायचं. माणसाला चिकटून राहणारा कुत्रा आहे हा, तुम्ही किचनमध्ये तर तो किचनमध्ये, आणि दिवसभर एकटा सोडला तर सोफा फाडणार म्हणजे फाडणारच.

आता नागपूरचं ऊन. माझ्या मते निर्णय इथेच होतो, बाकी सगळं नंतर.

रॉटीचा नर 50 किलोच्या आसपास जातो, काळा रंग, खाली दाट लव, रुंद छाती. मे महिन्यात मामा त्याला सकाळी साडेआठला फिरवून आणत होते, आपल्याकडे साडेआठ म्हणजे ऊन चढलेलंच. एक दिवस तो अंगणात येऊन बसला तो उठेचना. जीभ एका बाजूला लोंबलेली, टोकाला पसरून रुंद झालेली, रंग विटेसारखा लाल, लाळ तारेसारखी चिकट. मामींनी घाबरून ओला टॉवेल त्याच्यावर पांघरला, डॉक्टर फोनवर म्हणाले तो आधी काढा, त्याने उष्णता आत कोंडते, पोटावर आणि मांड्यांच्या आतून नळाचं पाणी ओता, समोर कूलर लावा आणि लगेच घेऊन या. तिघांनी चादरीत घालून उचलला तेव्हा कुठे गाडीत गेला. वाचला, पण त्यानंतर मे महिन्यात पहाटे पाचच्या नंतर फिरवणं बंद म्हणजे बंद.

डॉबरमनचा नर 40 ते 45 किलो, उंचीला जास्त, अंगाने सडपातळ, केस बारीक आणि खाली लव नाही. ऊन त्यालाही लागतं, दुपारी घरातच पाहिजे, पण रॉटीपेक्षा बरा निभतो. त्याचा त्रास डिसेंबर-जानेवारीत, थंडीत कुडकुडतो, आमचीला स्वेटर लागायचा. आणि कूलरच्या भरवशावर राहू नका, मे महिन्यात कोरड्या हवेत मस्त चालतो पण जुलैत हवाच दमट होते, तेव्हा रॉटीला पंख्याखाली थंड फरशी तरी पाहिजेच.

आजारपणात दोघंही सोपे नाहीत. डॉबरमनचं हृदय, स्नायू पातळ होत जातो आणि वरून काहीच दिसत नाही, आमची अशीच गेली, संध्याकाळी नीट जेवली आणि सकाळी उठली नाही. तीन-चार वर्षांची झाल्यापासून दरवर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला हवा होता, ते मला फार उशिरा कळलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. रॉटीला खुब्याच्या सांध्याचा त्रास आणि हाडांचा कॅन्सर. पिल्लाच्या आईवडिलांच्या खुब्याचा एक्सरे मागाच, पिल्लू गुबगुबीत करू नका, मनाने कॅल्शियम देऊ नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीव घेणारा विषाणू, त्याचा धोका दोघांनाही जास्त, लसीची एकही तारीख चुकवू नका. गोचीडताप आपल्याकडे आहेच, पावसाळ्यात रोज कानात, बोटांच्या मधे बघा. जेवल्यावर लगेच पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट आतल्या आत पिळलं जातं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पत्रात ज्या 23 जातींवर बंदी सुचवली होती त्यात रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हता. पुढे कर्नाटक हायकोर्टाने ते पत्र रद्द केलं, पण शेजारी आणि सोसायटीवाले रॉटीचं नाव ऐकलं की आजही कपाळाला आठ्या घालतात, त्याची तयारी ठेवा.

शेतावर साखळीला बांधून ठेवायला हवा असेल तर दोन्ही नका घेऊ. बांधलेला मोठा कुत्रा राखण करत नाही, चिडका होतो, आणि एक दिवस घरच्याच पोराला चावतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला माणसं, लहान मुलं, फटाके, ट्रॅफिक सगळं हळूहळू दाखवावं लागतं, ते जमणार नसेल तर थांबा.

भावाला मी डॉबरमनची मादी सांगितली, कारण वहिनी घरीच असते, गच्चीवर पळायला जागा आहे, आणि पन्नास किलोचा कुत्रा तिला एकटीला आवरणार नाही. मामा दिवसभर घरी होते, खालच्या मजल्याला थंड खोली होती, आधीही कुत्रे पाळलेले होते, अशा घरी रॉटी शोभतो. कान-शेपूट कापलेलं पिल्लू घ्यायचं नाही हेही भावाकडून कबूल करून घेतलंय, आणि आणायचं ते पाऊस सुरू झाल्यावर, नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आठ आठवड्यांचं पिल्लू गाडीतून आणायचं नाही.