सर्दी-तापाच्या ॲपचे आठ महिने

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आषाढात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते, आणि घरात कुणी ना कुणी शिंकत असतं. गेल्या आषाढात धाकट्याला ताप आला तेव्हा भावानं हे ॲप मोबाइलवर घालून दिलं. रोज नाही, पण लागेल तेव्हा वापरते.

सगळ्यात कामाला आली ती औषधांची नोंद. सासूबाईंचं अंग मोडून आलं होतं म्हणून त्या पॅरासिटामॉलची 500 ची गोळी घेत होत्या. पडसं हटेना, तशी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. दोन्ही नावं भरल्याबरोबर लाल पट्टी आली: दोन्हींत पॅरासिटामॉल आहे. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, खरंच होतं. वर नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिनही होतं, आणि त्यानं बीपी वाढू शकतं. सासूबाईंना तर बीपीची गोळी चालू आहे! आपल्याकडे सर्दीच्या गोळीला कुणी औषध धरतच नाही, चहाबरोबर घेऊन मोकळे होतात. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका असतो, हे मला चाळिशीत कळलं.

धाकट्याच्या पॅरासिटामॉलच्या सिरपचंही तसंच. घरात दोन बाटल्या, एकीवर 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम, दुसरीवर 250. चमचा मात्र एकच. ॲप आधी वजन विचारतं, मग बाटलीवरचा आकडा. 14 किलोला 210 मिलिग्रॅम, म्हणजे 250 च्या बाटलीतलं चार मिलिलिटरच्या किंचित वर. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस तेवढाच निघाला, तेव्हा माझा विश्वास बसला.

आता तक्रार. मराठी भाषा निवडली की ॲप आपल्याला महाराष्ट्रातच धरतं. जवळचा दवाखाना विचारला तर चंदगड दाखवतं! राज्य कर्नाटक, भाषा मराठी, अशी माणसं आहेत हे त्याच्या गावीच नाही.

आणि ते मराठी तरी कसलं? दिवाळीनंतर सासूबाईंना बरं वाटत नव्हतं. ॲपनं विचारलं, ‘तुमचे डोके हलके वाटते का?’ मी वाचून दाखवलं. सकाळचा ठणका थांबला होता, त्या म्हणाल्या, ‘होय गं, हलकं झालंय आता.’ पुढच्या दोन-तीन प्रश्नांनंतर ॲपनं सांगितलं, घरीच आराम करा. त्या उठल्या आणि दाराची चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या. ‘गरगरायलंय,’ म्हणाल्या. तशीच रिक्षा बोलावली. बीपी फार खाली गेलं होतं, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

तेव्हापासून लक्षणांचे प्रश्न मी वाचून दाखवत नाही. चक्कर येते का, छातीत दडपल्यासारखं होतं का, असं आमच्या बोलीत विचारते आणि शंका आली तर ॲप बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठते. कंपनीला दोनदा कळवलं, योग्य शब्दही लिहून पाठवले. आज सकाळी उघडून पाहिलं, प्रश्न तोच आहे.