मणक्यातला हिमँजिओमा: एमआरआयवर थांबायचं की सीटीही करायचा?

कंबरदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टात ‘हिमँजिओमा’ निघाला, की घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते. रक्तवाहिन्यांची ही साधी गाठ साधारण दहा माणसांत एकाच्या मणक्यात सापडते, आणि बहुतेकदा दुखणं तिचं नसतंच.

आधी एमआरआयमधला टी-१ बघा. टी-१, टी-२ हे त्याच भागाचे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले चित्रसंच, म्हणजे सिक्वेन्स. गाठीत चरबी भरपूर असेल तर ती टी-१ आणि टी-२ दोन्हींत पांढरी दिसते आणि चरबीची चमक दाबून काढलेल्या सिक्वेन्समध्ये तो पांढरेपणा उतरतो. हे जुळलं की विषय संपला. सीटी नको, गाठ उठून दिसावी म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही नको.

अडतं ते टी-१ वर काळ्या दिसणाऱ्या गाठीपाशी. तिच्यात चरबी कमी आणि रक्तवाहिन्या जास्त असतात, त्यामुळे ती दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरसारखीच दिसते. एसटीआयआर या चरबी दाबणाऱ्या सिक्वेन्सवर दोन्ही पांढऱ्या, कॉन्ट्रास्टही दोन्ही घेतात. अशा वेळी कॉन्ट्रास्टचा एमआरआय पुन्हा करण्यापेक्षा त्या एकाच भागाचा साधा सीटी बरा. काप मात्र एक-दोन मिलिमीटरचे हवेत. हिमँजिओमात हाडाच्या आतल्या बऱ्याच काड्या झिजतात. उरलेल्या उभ्या काड्या भार पेलता पेलता जाड होतात. म्हणून आडव्या कापात काळ्यावर पांढरे ठिपके दिसतात, उभ्या कापात कॉर्डुरॉय कापडासारख्या रेघा. कॅन्सर सहसा या काड्याच खातो, शिवाय मणक्याची मागची भिंत आणि पेडिकल, म्हणजे मणक्याचा पुढचा-मागचा भाग जोडणारा हाडाचा खांबही पोखरतो. पण मागे पसरणं एवढ्यावरूनच कॅन्सर ठरवू नये, हाडाबाहेर वाढणारा आक्रमक हिमँजिओमाही तिथे जातो. एक्स-रेवर या रेघा गाठ बरीच मोठी झाल्यावरच उमटतात. तो साफ आला म्हणून काही सिद्ध होत नाही.

मज्जारज्जूवर दाब आहे का, हे मात्र सीटीला नीट सांगता येत नाही. पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, लघवी अडणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे एमआरआयच लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शांत गाठही त्रास देऊ लागते, आणि तेव्हाही किरणांमुळे सीटी मागे ठेवून एमआरआयच आधी.

सीटीनंतरही शंका उरली, किंवा पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असला, तर बायोप्सी. गाठ रक्ताची, त्यामुळे सुईने रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तारीख ठरवण्याआधीच सांगा; पण स्वतःहून बंद करू नका.