यिवूचा ठोक बाजार: भाव चोख, पण सँपल जपून ठेवा

आमचं दुकान पुण्यात बोहरी आळीत. सजावटीचा ठोक माल: कापडी आणि प्लास्टिकची फुलं, झेंडूच्या माळा, तोरणं, मखराला लागणारं सगळं. पूर्वी हा माल मुंबईच्या आयातदाराकडून उचलायचो आणि तो यिवूहून आणायचा. मधला माणूस वगळायचा म्हणून मीच जायला लागले. आता धंद्यातले ओळखीचे सारखे विचारतात, "ताई, तिकडे जाण्यात राम आहे का?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून हे लिहिते आहे.

यिवू चीनच्या झेजियांग प्रांतात. शांघायच्या होंगछियाव स्टेशनवरून वेगवान गाडीने दीड-पावणेदोन तास. बाजाराचं सरकारी नाव 'आंतरराष्ट्रीय व्यापार नगर', पण टॅक्सीवाल्याला 'फुतियान' म्हटलं तरी कळतं. फक्त गेट नंबर सांगा, नाहीतर भलत्याच टोकाला उतराल आणि तिथून चालत हव्या त्या गाळ्यापर्यंत पोहोचायला अर्धा तास जाईल. 2002 ते 2011 या काळात एकामागून एक बांधलेले पाच विभाग, पुलांनी जोडलेले, आणि आत साधारण 75 हजार दुकानं. एका दुकानात तीन मिनिटं थांबायचं आणि रोज आठ तास फिरायचं ठरवलं तर सव्वा वर्षाहून जास्त लागेल. म्हणून 'सगळं बघून मग ठरवू' हा आपला पेठेतला खाक्या इथे चालत नाही. काय घ्यायचं ते घरून ठरवून जा.

आमचा माल पहिल्या विभागात तळमजल्यावर. तिथेच खेळणी. वर दागिने, त्याच्या वर सणासुदीच्या वस्तू, आणि तिथे भर उन्हाळ्यात नाताळची झाडं लखलखत असतात. बॅगा, छत्र्या, कुलपं दुसऱ्या विभागात. पेनं, चष्मे, बटणं, चेनी तिसऱ्यात. मोजे आणि टॉवेल चौथ्यात. एका मालाची सगळी दुकानं एकाच ओळीत असल्याने भाव काढणं सोपं जातं. शेजारणीने काय सांगितलं हे इथल्या प्रत्येक दुकानदारणीला माहीत असतं, त्यामुळे फार चढा भाव कोणी सांगत नाही. आपल्यासारखी घासाघीस करायला गेलात तर पाच-सात टक्के सुटतात. निम्म्यावर मागितलंत तर ती कॅल्क्युलेटर उचलून बाजूला ठेवते आणि डबा खायला लागते.

बहुतेक गाळ्यांवर बायकाच. नवरा किंवा भाऊ कारखाना बघतो, बाई गाळा आणि गिऱ्हाईक सांभाळते. मागे पोर गृहपाठ करत बसलेलं असतं. मला हे फार आवडतं. समोरची बाई माल स्वतः बनवून घेणारी असते, त्यामुळे 'पाकळीचं कापड जरा जाड करा, देठात तार घाला' म्हटलं की ती तिथल्या तिथे फोन लावते आणि नवा भाव टाइप करून दाखवते. मुंबईच्या आयातदाराला मी हेच वर्षानुवर्षं सांगत होते आणि तो 'बघू' म्हणायचा.

ती तीन आकडे लिहून देते: नगाचा भाव, एका कार्टनमधले नग, आणि कार्टनचं घनमाप. नवखी माणसं पहिल्या आकड्यावर खूश होतात. आमच्या धंद्यात तिसरा आकडा खरा. फुलं वजनाला हलकी, पण जागा खातात, आणि जहाजाचं भाडं जागेवर असतं. चाळीस फुटी हाय क्यूब (म्हणजे नेहमीपेक्षा उंच) कंटेनरमध्ये साधारण 68 घनमीटर माल बसतो, मग आत सोनं भरा नाहीतर प्लास्टिकचा झेंडू. दोन युआनची माळ, म्हणजे चोवीसेक रुपयांची, दाबून पॅक केलेली असेल तर परवडते. तीच फुलवून पॅक केली तर भाडंच नफा खाऊन टाकतं.

आता लोकांचा ठरलेला प्रश्न, हे इतकं स्वस्त कसं पडतं? 'तिकडे मजूर फुकटात राबतात' हे उत्तर मला पटत नाही. तिथला पगार आता आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. गोम दुसरीकडे आहे. यिवूपासून तास-दोन तासांच्या अंतरात एकेका गावाने एकेक वस्तू धरली आहे. दातांग मोज्यांचं, योंगकांग लोखंडी सामान आणि थर्मासचं, शेजारचा पुजियांग काचेच्या मण्यांचा आणि कुलपांचा, फनशुई पेनांचं. गावात मशीनवाला, साचेवाला, रंगवाला, पुठ्ठ्याची खोकी करणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे साधा साचा दुरुस्त करायला आठवडा जातो.

आणि हे सगळं कम्युनिस्ट देशात! 1978 साली, आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा, चीनचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षाही कमी होतं, आज ते आपल्या पाचपट आहे. शाळेत आम्हाला पंचवार्षिक योजना वगैरे शिकवलं, पण या बाजाराची गोष्ट कुठल्या योजनेत नव्हती. यिवूची जमीन निकृष्ट, शेतात खत घालायला कोंबडीची पिसं लागायची. म्हणून शेतकरी हिवाळ्यात खांद्यावर कावड घेऊन, हातातला खुळखुळा वाजवत गावोगाव फिरायचे. गूळसाखरेची ढेप फोडून द्यायची आणि बदल्यात पिसं घ्यायची. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी फिरत, तसंच म्हणा. चांगली पिसं झाडणीला, उरलेली शेताला. पुढे साखरेबरोबर सुया, बटणं, दोरे आले. माओच्या काळात हा गुन्हा होता, नफेखोरी म्हणून माल जप्त व्हायचा. तरी लोक चोरून फिरत राहिले.

1982 च्या वसंतात शिए गाओहुआ नावाचे नवे पक्ष सचिव यिवूत आले. मे महिन्यात फंग आयचिएन नावाच्या बाईने त्यांना रस्त्यातच गाठलं. रस्त्यावर छोटामोठा माल विकून ती पोरं पोसत होती आणि सरकारी माणसं तिला सारखी हुसकावत. तिने तिथेच भांडण काढलं: जगायचं कसं? सचिवांनी तिला कचेरीत नेऊन ऐकून घेतलं. मग गावोगाव चौकशी केली आणि सप्टेंबरात बाजार उघडायला परवानगी दिली. उघड्यावर सिमेंटच्या लाद्या टाकून सातशेच्या आसपास जागा केल्या, एवढंच. त्या वेळी अशी परवानगी देणारा कायदा वरून आलेला नव्हता. उद्या काही बिघडलं असतं तर या माणसाची नोकरी गेली असती. थोड्याच काळात शेतकऱ्यांना व्यापार करायला, माल लांब नेऊन विकायला उघड मुभा मिळाली. 2018 साली चीन सरकारने सुधारणांच्या चाळीस वर्षांनिमित्त ज्यांचा गौरव केला, त्यांत शिए होते. पुढच्याच वर्षी ते गेले. बीजिंगचं मोठेपण एवढंच की 1978 नंतर त्यांनी खालच्या अशा माणसांचे हात बांधले नाहीत. मला तरी हेच खरं कारण वाटतं. शेनझेनच्या इमारतींचे फोटो सगळेच दाखवतात. त्या शहराला 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळालेला होता. यिवूला ना समुद्र होता, ना तो दर्जा.

पण 'सरकार बाजूला झालं आणि बाजार फुलला' एवढं सरळही नाही. पाचही विभागांची मालकी असलेली कंपनी शांघायच्या शेअर बाजारात आहे आणि तिच्यावर ताबा स्थानिक सरकारचाच. म्हणजे कम्युनिस्ट पक्ष घरमालक, व्यापारी भाडेकरू. चांगल्या जागेच्या गाळ्याचा वापरहक्क लाखो युआनला हस्तांतरित होतो. घरमालक मात्र रस्ते, गोदामं, रेल्वे, सगळं बांधून देतो. 2014 च्या नोव्हेंबरात इथून थेट माद्रिदला मालगाडी सुटली, 13 हजार किलोमीटर, तीन आठवडे. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पुढच्याच वर्षी पहिला विभाग उघडला. घरमालकाला वेळ कळते, हे मान्य करावंच लागेल. आपल्याकडे मार्केट यार्डातली गटारंसुद्धा निविदेत अडकतात.

आता तक्रारी.

दुकानात दिसतं ते सँपल असतं, माल कारखान्यातून नंतर येतो. एकदा आमच्या आंब्याच्या पानांचा हिरवा रंग सँपलपेक्षा चांगलाच पोपटी आला. दुकानाचं नाव घेत नाही, पण तिने सरळ सांगितलं की रंगाचा घाणा बदलला. तेव्हापासून मी सँपलचे दोन तुकडे करते, एकावर तिची सही घेऊन स्वतःकडे ठेवते, आणि माल गोदामात आल्यावर एजंटला कार्टन उघडून ताडून बघायला लावते. बयाणा तीस टक्के, बाकी रक्कम तपासणीनंतर. यात ढिलाई नको.

एजंट लागतोच. तो भाषा, गोदाम, कंटेनर भरणं, निंगबो बंदरावरची कागदं सांभाळतो आणि तीन ते पाच टक्के घेतो. एक टक्क्यावर काम करतो म्हणणारा उरलेले दुकानदाराकडून घेतो, आणि ते तुमच्याच भावात मिसळलेले असतात. 'बिल कमी दाखवतो' असं कोणी सुचवलं तर उठून या. उधारी तर अजिबात नको. 2011 च्या डिसेंबरात इथे दोन मुंबईकरांना पुरवठादारांनी डांबून ठेवलं होतं. पैसे या दोघांच्या मालकाने बुडवले होते आणि तो पळून गेला होता. पुढे आपल्या दूतावासाने भारतीय व्यापाऱ्यांना यिवूत धंदा करू नका असा इशाराच दिला. आज वातावरण तसं राहिलेलं नाही, तरी थकबाकीच्या बाबतीत तिथे गोड बोलणं फार टिकत नाही.

खेळणी आणायचा विचार असेल तर आधी आपल्या सीएचएशी, म्हणजे कस्टमची कागदं करणाऱ्या दलालाशी, बोला. 2021 पासून बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राशिवाय खेळणी उतरत नाहीत आणि आयातशुल्कही जबर आहे. विजेच्या माळांनाही नोंदणी लागते. आमच्या फुलांना तो ताप नाही. मात्र मावळातले फूलशेतकरी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागत आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही, जरी पोट त्यावरच असलं तरी.

खाण्याचं म्हणाल तर भारतीय खानावळी आहेत, डाळ-भात आणि बऱ्यापैकी पोळी मिळते. बाजारातली स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत, पण कागद स्वतःचा न्या. व्यवहार बहुतेक फोनवरूनच होतात, निघण्याआधी फोनवर अलिपे हे पैसे द्यायचं ॲप चालू करून घ्या. संध्याकाळी पाचला शटर पडायला लागतात. आपल्यासारखं 'नऊपर्यंत बसू' नाही.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो मालाच्या रंगासाठी. कंटेनर भरण्याएवढी उलाढाल नसेल तर तिकिटाचे पैसे वाया घालवू नका, मुंबईच्या आयातदाराकडूनच घ्या. एकटीला जमणार नसेल तर आळीतल्या दोन-तीन दुकानांनी मिळून एक कंटेनर करा, हिशेब घनमीटरवर वाटून.

गणपतीचा माल हवा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा. बनायला महिना, तपासणी आणि भरणं पंधरा दिवस, न्हावा शेव्याला यायला तीनेक आठवडे, वर कस्टम. त्यांच्या नववर्षाच्या आसपास, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, जाऊ नका. बाजार पंधरा दिवस बंद असतो आणि कारीगर गावाहून महिनाभर परतत नाहीत.